चपलांच्या ढिगातली खरी जोडी

दोन वर्षांपूर्वी आषाढी एकादशीला गावातल्या विठ्ठलाच्या देवळातून बाहेर आलो, तर डावी चप्पल जागेवर आणि उजवी गायब. समोर पाचेकशे चपलांचा ढीग. त्यात त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या, तितक्याच जुन्या तीन उजव्या चपला सापडल्या. तिन्ही घालून बघितल्या, तिन्ही बसल्या. त्यातली एक पायात अडकवून घरी आलो. आईने उंबऱ्यातच सांगितलं, "ही तुझी नव्हे रे. तुझी आतल्या बाजूने झिजते, ही बाहेरून झिजलीय."

कणभौतिकीतली एक अत्यंत चिकट मोजणी कुणाला समजावून सांगायची वेळ आली की मला हा ढीग आठवतो. तिथे डाव्या-उजव्याच्या जागी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन असतात. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण: वस्तुमान तेच, विद्युतभार उलटा. १९३२ साली कार्ल अँडरसन यांना मेघकक्षातल्या छायाचित्रात तो पहिल्यांदा दिसला. एखादा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, किंवा अल्पायुषी कण मोडतो तेव्हा पुष्कळदा ही दोन भावंडं एकत्र जन्माला येतात. प्रश्न इतकाच, की हजारोंच्या गर्दीत कुठला इलेक्ट्रॉन कुठल्या पॉझिट्रॉनचा जोडीदार, हे ओळखायचं कसं?

ही गर्दी कुठली, ते आधी बघू. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथल्या ३.८ किलोमीटर घेराच्या वर्तुळाकार बोगद्यात 'रिक' नावाच्या यंत्रात २००० सालापासून सोन्याची अणुकेंद्रकं समोरासमोर आदळवली जाऊ लागली. सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन. पूर्ण वेगात त्यातल्या प्रत्येकाकडे १०० जीईव्ही (एक जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा असते, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वस्तुमानात दडलेल्या ऊर्जेच्या शंभरेक पट. अशी दोन केंद्रकं नीट समोरासमोर भिडली की प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळतात आणि आतले क्वार्क आणि त्यांना चिकटवून ठेवणारे ग्लुऑन क्षणभर मोकळे होतात. या रश्शाला क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा म्हणतात. विश्व जन्मल्यानंतरचे पहिले काही मायक्रोसेकंद सगळीकडे हेच होतं. प्रयोगशाळेत मात्र सेकंदाचे एकावर बावीस शून्यं इतके तुकडे केले, तर त्यातल्या एका तुकड्याइतकाही हा रस्सा टिकत नाही. मग तो थंड होऊन त्यातून हजारो कण उडतात.

उडणाऱ्या कणांत सर्वाधिक भरणा पायॉनांचा. पण त्यांची साक्ष फारशी कामाची नाही. पायॉन हा क्वार्कांचा हलका कण, अणुकेंद्रकाला बांधून ठेवणाऱ्या प्रबळ बलाने बांधलेला, त्यामुळे तो शेवटपर्यंत शेजाऱ्यांशी टकरा घेत राहतो. चेंगराचेंगरीतून धक्के खात दाराबाहेर पडलेल्या माणसाला आत काय चाललं होतं असं विचारलं, तर तो दारापाशी काय झालं तेवढंच सांगणार. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनना प्रबळ बल जाणवतच नाही. प्लाझ्माच्या पोटात जन्मलेली जोडी कुणाशी न अडखळता सरळ बाहेर येते आणि जन्मवेळची ऊर्जा जशीच्या तशी सोबत आणते. म्हणून तिच्यासाठी एवढी धडपड. गंमत अशी, की ज्या अलिप्तपणामुळे ती विश्वासू साक्षीदार ठरते त्याच अलिप्तपणामुळे ती विरळाही असते. जो कण गर्दीत मिसळत नाही तो गर्दीतून फारसा निर्माणही होत नाही.

पहिलं काम इलेक्ट्रॉन ओळखण्याचं. इलेक्ट्रॉन पायॉनपेक्षा सुमारे २७३ पट हलका, त्यामुळे संवेग सारखाच असला तरी इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या जास्त जवळ असतो. वायूमध्ये प्रकाश किंचित मंदावतो. त्या मंदावलेल्या प्रकाशालाही मागे टाकून विद्युतभारित कण गेला तर त्याच्यामागे निळसर प्रकाशाचा शंकू उमटतो. हे चेरेन्कोव्ह प्रारण. रिकवरच्या 'फिनिक्स' या प्रयोगात त्यासाठी कार्बन डायऑक्साइड भरलेली टाकी होती. त्या वायूत इलेक्ट्रॉन अगदी थोड्या ऊर्जेपासून चमकतो. पायॉनला चमकायला पावणेपाच जीईव्हीच्या आसपास संवेग लागतो आणि तेवढे जोरकस पायॉन थोडेच असतात. टाकीपलीकडे उष्मामापी. इलेक्ट्रॉन आपली सगळी ऊर्जा तिथे रिकामी करतो, त्यामुळे तिथली ऊर्जा आणि चुंबकातल्या वळणावरून काढलेला संवेग यांचे आकडे जुळतात. पायॉन बहुधा थोडीच ऊर्जा सांडून पुढे निघून जातो. चमकला आणि आकडे जुळले, म्हणजे इलेक्ट्रॉन.

वळणाचं गणित तर शाळेतलंच आहे. चुंबकीय क्षेत्रात भारित कण वर्तुळाच्या कमानीवर फिरतो. जितका संवेग जास्त, तितकी कमान सपाट. रिकवरच्याच 'स्टार' या दुसऱ्या प्रयोगात अर्धा टेस्ला क्षेत्र होतं. त्यात एक जीईव्ही संवेगाचा इलेक्ट्रॉन सुमारे पावणेसात मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चालतो. डिटेक्टरची स्वतःची त्रिज्या दोनच मीटर, म्हणजे मोठ्या वर्तुळाचा छोटासा तुकडा आपल्याला दिसतो आणि तो सरळ रेषेपासून काही सेंटिमीटरच सुटतो. तेवढ्यावरून संवेग काढायचा. इलेक्ट्रॉन एका बाजूला वळतो, पॉझिट्रॉन दुसऱ्या. डावी-उजवी लगेच कळते.

आता जोडीची ओळख. दोघांचे संवेग आणि त्यांच्यातला कोन माहीत असला की ज्यातून ते जन्मले त्याचं वस्तुमान काढता येतं, तेही ऊर्जेसारखं जीईव्हीतच. समजा दोघांकडे एकेक जीईव्ही आहे. दोघं एकाच दिशेने चिकटून निघाले, तर जोडीचं वस्तुमान जवळजवळ शून्य. हा फोटॉनपासून झालेला प्रकार. दोघांत ६० अंशांचा कोन असेल तर बरोबर एक जीईव्ही. पाठीला पाठ लावून निघाले तर दोन जीईव्ही. एका टक्करीतली, मग हजार टक्करींतली, मग अब्जावधी टक्करींतली अशी सगळी वस्तुमानं आलेखावर मांडत जायची. एखादा ठरावीक कण मोडून जोड्या येत असतील तर त्याच्या वस्तुमानापाशी सुळका उभा राहतो. फाय मेसॉन या कणाचा १.०२ जीईव्हीला, जे-साय या दुसऱ्या कणाचा ३.१ जीईव्हीला. १९७४ साली सॅम्युअल टिंग यांच्या गटाने याच ब्रूकहेवनमध्ये बेरिलियमच्या लक्ष्यावर प्रोटॉन मारून बाहेर येणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या मोजल्या आणि ३.१ जीईव्हीला सुईसारखा सुळका पाहिला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात बर्टन रिक्टर यांच्या गटाने उलट मार्गाने, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आदळवून, तोच कण पकडला. चार्म नावाचा जड क्वार्क खरा आहे हे त्यातून कळलं, आणि १९७६चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं.

सुळका असला की काम त्यामानाने सोपं. खोट्या जोड्या कितीही असोत, त्या सपाट पसरतात आणि सुळका वर डोकावतो. प्लाझ्मातून येणाऱ्या जोड्यांना मात्र सुळका नाही. त्यांची वस्तुमानं सगळीकडे पातळ पसरलेली असतात, खोट्या जोड्यांसारखीच. खरी कसोटी इथे आहे.

खोट्या जोड्या येतात कुठून? बहुतेक साध्यासुध्या कणांपासून. उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेला, पायॉन सहसा दोन फोटॉनांत मोडतो, पण शंभरातून एखाद्या वेळी फोटॉन, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन असा मोडतो. फोटॉनही, केंद्रकं ज्या नळीतून धावतात तिच्या भिंतीत किंवा डिटेक्टरच्या सामानात शिरला की जोडी तयार करतो. या जोड्या पूर्ण पकडल्या गेल्या तर त्यांचा त्रास नाही, कारण त्यांचं वस्तुमान अगदी कमी येतं आणि त्या कोपऱ्यात टाकता येतात. घोळ होतो तो जोडीतला एकच सापडल्यावर. दुसऱ्याचा संवेग इतका कमी असतो, की चुंबक त्याला गुंडाळून टाकतो. किंवा तो डिटेक्टर नसलेल्या बाजूला निघून जातो. फिनिक्सच्या दोन भुजा मिळून वर्तुळाचा अर्धाच भाग झाकत होत्या, म्हणजे असे हरवलेले जोडीदार मुबलक. मग उरलेले एकटे इलेक्ट्रॉन आणि एकटे पॉझिट्रॉन. कोण कुणाचं ते माहीत नाही, म्हणून प्रत्येक इलेक्ट्रॉनची प्रत्येक पॉझिट्रॉनशी जोडी लावून बघावी लागते. चार डाव्या, चार उजव्या चपला असतील तर सोळा जोड्या होतात आणि त्यातल्या फार तर चार खऱ्या.

फिनिक्समध्ये सोन्याच्या समोरासमोरच्या टक्करींत ज्या वस्तुमानाच्या पट्ट्यात रस होता, तिथे एका खऱ्या जोडीमागे दोनशे खोट्या, असं प्रमाण होतं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. एकूण २०१ जोड्या मोजल्या, त्यातून २०० वजा केल्या, उरली एक. आता खोट्या जोड्यांचा अंदाज पाव टक्क्याने चुकला, म्हणजे २००च्या जागी १९९.५ धरल्या, तर उत्तर एकच्या जागी दीड येतं. पाव टक्का चूक, ५० टक्के फरक. भाजीवाल्याचा तराजूसुद्धा पाव टक्का अचूक नसतो.

मग खोट्या जोड्या इतक्या अचूक मोजायच्या कशा? दोन युक्त्या आहेत. पहिली: डावीशी डावी लावून बघा. दोन इलेक्ट्रॉनांची किंवा दोन पॉझिट्रॉनांची जोडी खरी असूच शकत नाही. तरीही अशा जोड्या किती आणि कुठल्या वस्तुमानाला दिसतात हे मोजलं, की निव्वळ योगायोगाने किती जुळतं ते कळतं. दुसरी युक्ती मला जास्त आवडते: आजच्या ढिगातली डावी आणि गेल्या वेळच्या ढिगातली उजवी. एका टक्करीतला इलेक्ट्रॉन, वेगळ्याच टक्करीतला पॉझिट्रॉन. ते भावंडं असण्याची शक्यता शून्य. आणि टक्करी कोट्यवधी असल्यामुळे अशा मिसळलेल्या जोड्या हव्या तेवढ्या बनवता येतात. फक्त एकादशीचा ढीग एकादशीच्याच ढिगाशी मिसळायचा, मंगळवारच्या नाही. म्हणजे दोन्ही टक्करी सारख्याच दाटीच्या आणि नळीत सारख्याच जागी झालेल्या हव्यात.

एवढं करूनही पाचर राहते. एकाच घरातली माणसं एकाच दुकानातून चपला घेतात. बापाची डावी आणि मुलाची उजवी फसवी जुळते, आणि ही जुळणी मिसळलेल्या ढिगात दिसत नाही. इथेही तसंच. एकाच पायॉनचे दोन्ही फोटॉन जोड्यांत बदलले, तर एका जोडीतला इलेक्ट्रॉन दुसऱ्या जोडीतल्या पॉझिट्रॉनशी नातं सांगतो. शिवाय टक्करीतून कण सगळ्या दिशांना सारखे उडत नाहीत, लंबवर्तुळासारखे पसरतात. एसटी स्टँडकडून आलेल्यांच्या चपला देवळाच्या एकाच बाजूला साचाव्यात तशातला प्रकार. या प्रत्येक नात्याचा वेगळा हिशेब मांडावा लागतो.

आता हे सगळं खरोखरच किती महाग पडतं ते बघा. २०१० साली फिनिक्सने जाहीर केलं, की दीडशे ते साडेसातशे एमईव्हीच्या (हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही) पट्ट्यात अपेक्षेपेक्षा ४.७ पट जोड्या दिसतात. सिद्धान्त मांडणाऱ्यांची झोप उडाली. जास्तीच्या जोड्या दिसणं स्वतःमध्ये नवल नव्हतं. १९९५ मध्येच जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या सेरेस प्रयोगाने कमी ऊर्जेच्या टक्करींत तसं दाखवलं होतं. रो मेसॉन हा कण इतका अल्पायुषी, की तो प्लाझ्माच्या तप्त गोळ्यातच जन्मतो आणि तिथेच मोडतो. त्या गर्दीत त्याचा सुळका पसरट होतो आणि जोड्या कमी वस्तुमानाकडे सांडतात, हे स्पष्टीकरण चांगलं रुळलं होतं. पण त्या हिशेबाने ४.७ कुठूनही येत नव्हते. नंतर त्याच यंत्रावर, तशाच टक्करी बघून, स्टारने आपला आकडा दिला: सुमारे पावणेदोन पट. पट्टे अगदी तंतोतंत एक नव्हते, तरी एवढी तफावत त्यातून सुटणारी नव्हती. दोघांतला एकजण चुकतोय हे उघड होतं.

फिनिक्सने खोट्या जोड्यांवर जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत देखणं काम वाटतं. स्टारचा आकडा यायच्या आधीच त्यांनी आईची नजर बसवायला घेतली होती. टक्करीच्या जागेला अगदी लगटून एक नवा डिटेक्टर लावला. त्याचं नावच मुळी 'हॅड्रॉन ब्लाइंड', म्हणजे पायॉनांसारख्या जड कणांना न बघणारा. आत शुद्ध कार्बन टेट्राफ्लोराइड वायू, अर्धा मीटर लांबीचा. इलेक्ट्रॉन त्यातून जाताना प्रकाश सोडतो आणि तो प्रकाश सिझियम आयोडाइडचा थर चढवलेल्या बारीक छिद्रांच्या पत्र्यांवर पडून नोंदला जातो. विद्युतक्षेत्राची दिशा अशी ठेवली होती, की पायॉनांनी वायूत सोडलेला भार पत्र्यांपासून दूर ओढला जावा.

खरी युक्ती पुढे आहे. त्या जागेत चुंबकीय क्षेत्र मुद्दाम जवळपास शून्यावर आणलं होतं. चुंबकच नाही तर जोडी फाकत नाही. पायॉनमधून किंवा फोटॉनमधून आलेली भावंडं एकमेकांना चिकटूनच चालतात आणि त्यांचा प्रकाश एकाच ठिकाणी दुप्पट पडतो. एकट्या इलेक्ट्रॉनचा प्रकाश एकपट. मागे चुंबकात जोडीदार हरवला तरी आता फरक पडत नाही: दुप्पट प्रकाश दिसला, की हा इलेक्ट्रॉन साध्या घरचा, त्याला ढिगातून बाजूला काढा. आतून झिजली की बाहेरून, एवढं बघितलं की झालं.

२०१० मध्ये या डिटेक्टरसह सोन्याच्या टक्करींची नोंद घेतली गेली. नात्यांचे सगळे हिशेब नव्याने मांडून निकाल छापला २०१६ साली. उत्तर २.३ पट, चार्म क्वार्कांचा वाटा दुसऱ्या पद्धतीने मोजला तर १.७. म्हणजे स्टारच्या जवळ आणि पसरट रो मेसॉनच्या सिद्धान्ताशी जुळणारं. आपल्याच गाजलेल्या आकड्याला आपणच अर्ध्यावर आणणारा निबंध शेकडो लेखकांच्या सह्यांनी छापून येतो, याचं कौतुक वाटतं. फिनिक्सच्या गटात मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्रही होतं.

त्याच २०१० मध्ये फिनिक्सने जोड्यांकडून आणखी एक काम करून घेतलं होतं, ते मात्र टिकलं. प्लाझ्मा तापलेल्या लोखंडासारखा फोटॉन सोडतो. ते फोटॉन थेट मोजावेत तर पायॉनांपासून आलेले फोटॉन त्यांना बुडवून टाकतात. पण काही फोटॉन बाहेर पडतानाच जोडी होऊन पडतात, आणि त्या जोडीला थोडंसं वस्तुमान असतं. पायॉनचं स्वतःचं वस्तुमान १३५ एमईव्ही, त्यामुळे त्याच्यापासून आलेली जोडी त्याच्या वर जाऊच शकत नाही. मग त्या रेषेच्या वरच बघा! पायॉनांचा गोंगाट एकदम खाली बसतो. तिथल्या जोड्यांवरून फोटॉनांचा आलेख काढला, तर त्याच्या उतारावरून सुमारे अडीच लाख कोटी अंश इतकं तापमान निघालं. ही सरासरी झाली, कारण गोळा निवत असतानाही फोटॉन सुटतच असतात. सुरुवातीचा आकडा काढायला गोळा कसा निवतो याची गणितं लागतात. त्यातून साडेतीन ते सात लाख कोटी असं उत्तर आलं. बातम्यांत गाजले ते 'चार लाख कोटी अंश सेल्सिअस', सूर्याच्या गाभ्याच्या सुमारे अडीच लाख पट.

यातही एक खोच आहे. प्लाझ्मा प्रचंड वेगाने फुगत असतो. आपल्याकडे येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा जसा चढ्या सुरात ऐकू येतो, तसा आपल्याकडे येणाऱ्या गोळ्यातला फोटॉन आहे त्यापेक्षा गरम भासतो. जोडीचं वस्तुमान मात्र कुणीही, कुठल्याही वेगाने बघितलं तरी तेच. म्हणून तापमान संवेगाच्या उतारावरून न काढता वस्तुमानाच्या उतारावरून काढलं तर भोंग्याची भानगडच उरत नाही. फाय आणि जे-साय यांच्या सुळक्यांमधली मोकळी जागा, साधारण एक ते तीन जीईव्ही, त्यासाठी उत्तम. तिथे प्लाझ्माच्या सुरुवातीच्या, सर्वांत तप्त क्षणांच्या जोड्या पडतात. स्टारने रिक मुद्दाम कमी ऊर्जेवर चालवून घेतलेल्या टक्करींत हे केलं आणि २०२५ मध्ये दोन तापमानं दिली: कमी वस्तुमानाच्या पट्ट्यात सुमारे दोन लाख कोटी केल्विन, मधल्या पट्ट्यात सुमारे सव्वातीन लाख कोटी. एकाच गोळ्याची दोन वेळची वाचनं.

कमी ऊर्जा का, तर चार्म क्वार्क टाळायला. चार्म आणि प्रतिचार्म जोडीनेच जन्मतात, वेगवेगळ्या डी मेसॉनांत, म्हणजे चार्म पोटात असलेल्या कणांत, शिरतात आणि त्यांच्या मोडण्यातून एकीकडे इलेक्ट्रॉन, दुसरीकडे पॉझिट्रॉन निघू शकतो. ही जोडी योगायोगाची नाही आणि प्लाझ्माचीही नाही, आणि पडते नेमकी त्याच मधल्या जागेत. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटरच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरवर शिशाच्या टक्करींत चार्मचा इतका सुकाळ असतो, की प्लाझ्माच्या जोड्या त्याखाली गाडल्या जातात. तिथल्या 'ॲलिस' प्रयोगाचा उपाय अंतर मोजण्याचा आहे. डी मेसॉन मोडण्याआधी मिलिमीटरच्या दशांश भागाइतका तरी चालतो, त्यामुळे त्याचा इलेक्ट्रॉन टक्करीच्या बिंदूपासून किंचित बाजूने निघालेला दिसतो. प्लाझ्माचा इलेक्ट्रॉन बरोबर बिंदूतून. हा केसाच्या जाडीएवढा फरक पकडायला ॲलिसने नवा सिलिकॉन डिटेक्टर बसवला, साडेबारा अब्ज ठिपक्यांचा. त्याचा सर्वांत आतला थर टक्करीच्या रेषेपासून २२ मिलिमीटरवर आहे.